केंब्रिजची ‘ए-टू की फॉर स्कूल्स’: मराठी माध्यमाच्या वर्गातून पाहिलेली वाचनपरीक्षा

केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षांपैकी ‘ए-टू की फॉर स्कूल्स’ ही परीक्षा शाळकरी वयाच्या मुलांसाठी आहे. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहा पातळ्यांच्या चौकटीत ए-टू ही खालून दुसरी पातळी होय. या परीक्षेच्या नमुना पत्रिका केंब्रिजच्या संकेतस्थळावर उत्तरसूचीसह विनामूल्य मिळतात आणि आठवी-नववीच्या मराठी माध्यमाच्या वर्गात मी त्याच वापरतो. त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः तिच्यातील वाचन आणि व्याकरण तपासणाऱ्या भागाचे आहे. श्रवणाची पत्रिका आणि तोंडी परीक्षा या दोन्हींना एकूण गुणांपैकी प्रत्येकी पाव वाटा आहे. त्या वेगळ्या लेखाचा विषय ठरतील.

वाचन-लेखनाची पत्रिका एका तासाची असून तिच्यात सात भाग आणि ३२ प्रश्न असतात. पहिले पाच भाग वाचनाचे, शेवटचे दोन लेखनाचे. लेखनात किमान २५ शब्दांचा एक निरोप आणि तीन चित्रांवरून किमान ३५ शब्दांची एक गोष्ट, एवढेच मागितलेले असते. कागदावर हे फारच सोपे दिसते, आणि दहावीपर्यंत इंग्रजीचे निबंध पाठ करणाऱ्या मुलांना आरंभी त्याचे हसूही येते. पहिल्या भागातील सहा छोटे मजकूर सोडवून झाले की ते हसू ओसरते.

या पहिल्या भागात सूचनाफलक, निरोप, ईमेल असे दोन-तीन ओळींचे मजकूर असतात आणि प्रत्येकाखाली तीन पर्याय असतात. मजकुरातील ठळक शब्द चुकीच्या पर्यायांतही पेरलेले असतात, तर बरोबर पर्याय बहुधा निराळ्याच शब्दांत मांडलेला असतो. आमच्या मुलांची वाचनाची मुख्य युक्ती म्हणजे प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. ती युक्ती येथे निरुपयोगी ठरतेच, शिवाय मुलाला नेमकी चुकीच्या उत्तराकडे घेऊन जाते. दुसऱ्या भागात तीन व्यक्तींविषयीचे तीन छोटे मजकूर असतात आणि सात प्रश्नांतील प्रत्येक गोष्ट त्यांपैकी कोणाला लागू पडते ते ठरवायचे असते. तिघांच्याही मजकुरात तेच विषय फिरत असल्याने ‘बट’, ‘अन्टिल’, ‘इन्स्टेड’ यांसारखे छोटे शब्द नीट वाचल्याशिवाय निर्णय करता येत नाही. तिसऱ्या भागातील मोठा उतारा त्या मानाने सरळ आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने खरा कस चौथ्या आणि विशेषतः पाचव्या भागात लागतो. चौथ्या भागातील सहा गाळलेल्या जागांना तीन-तीन पर्याय दिलेले असतात आणि तेथे भर शब्दसंपत्तीवर असतो. पाचव्या भागात मात्र पर्याय नसतात. ईमेल किंवा निरोपातील सहा रिकाम्या जागांत मुलाने स्वतःचा एकेक शब्द, तोही शुद्ध लिहून, भरायचा असतो. हे शब्द बहुतेक वेळा ‘द’, ‘टू’, ‘हॅव’, ‘डिड’, ‘मोअर’ असे क्षुल्लक वाटणारे असतात, आणि मराठी बोलणाऱ्या मुलाचे इंग्रजी नेमके याच शब्दांपाशी अडखळते. मराठीत ‘अ’ आणि ‘द’सारखी उपपदे नाहीत, ‘सोमवारी’, ‘सकाळी’, ‘पाचला’ हे आपण प्रत्यय लावून सांगतो, तर इंग्रजीत तेथे ‘ऑन’, ‘इन’ आणि ‘अ‍ॅट’ असे तीन वेगळे शब्द लागतात, ‘मी दोन वर्षांपासून येथे राहतो’ हे आपण साध्या वर्तमानकाळात बोलतो, तर इंग्रजीला तेथे ‘हॅव लिव्हड’ हवे असते. कर्तरी प्रयोगाचे वाक्य नियमाने कर्मणीत बदलणारा हुशार विद्यार्थीही ‘हॅव’ची जागा कोरी सोडतो, तेव्हा त्याला नियम पाठ आहे पण भाषा हाताला लागलेली नाही हे शिक्षकाला एका मिनिटात कळते. केवळ या सहा जागांसाठी ही पत्रिका वर्गात वापरावी असे माझे मत आहे.

आपल्या दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या कृतिपत्रिकेशी तुलना केल्यावाचून हे परीक्षण अपुरे राहील. त्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत भाषाभ्यासाच्या पहिल्या प्रश्नाला १० गुण असतात. त्यांपैकी ८ गुण शब्द वर्णानुक्रमे लावणे, शब्दातील गाळलेली अक्षरे भरणे, शब्दसाखळी पुरी करणे, विरामचिन्हे देणे अशा कृतींना असतात. काठावरच्या मुलाला त्या आधार देतात हे मान्य आहे; परंतु त्याला इंग्रजी वाक्य समजते की नाही, याविषयी त्या काहीच सांगत नाहीत. व्याकरण उताऱ्यांखाली दोन-दोन गुणांपुरते येते आणि तेही बहुधा प्रयोग बदला, प्रश्नपुच्छ जोडा अशा ठरलेल्या साच्यात. पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांचे २० गुण तर वर्षभर घोकलेल्या मजकुरावरचे आहेत, त्यामुळे वाचन खऱ्या अर्थाने तपासले जाते ते अपठित उताऱ्याच्या आणि सारांशलेखनाच्या मिळून १५ गुणांतच. असे असले तरी आपल्या कृतिपत्रिकेत कवितेचे रसग्रहण आहे, स्वमताचे प्रश्न आहेत, भाषांतर आहे. केंब्रिजच्या या पत्रिकेत यांपैकी काहीही नाही आणि त्या अर्थाने ती कोरडी आहे.

तिचा याहून गंभीर दोष मापनाचा आहे. वाचनाच्या ३० प्रश्नांपैकी २४ प्रश्न तीन पर्यायांचे आहेत, म्हणजे उतारा न वाचता खुणा करणाऱ्या मुलालाही सरासरीने त्यांपैकी ८ बरोबर येऊ शकतात. त्यामुळे वर्गात एकूण गुण पाहून मुलांना क्रम लावणे मला पटत नाही. मी पाचव्या भागाचे गुण नेहमी वेगळे मांडतो आणि पहिल्या दोन भागांत प्रत्येक उत्तरापुढे ते मजकुरातील कोणत्या शब्दांवरून ठरवले हे लिहायला लावतो. विषयांची निवडही मुख्यतः छंद, सहली, खेळ, खरेदी अशी आहे. तिथले सुखवस्तू शहरी जग आमच्या बऱ्याच मुलांना परके वाटते आणि त्यामुळे काही वेळा भाषा कळूनही प्रसंग कळत नाही. तीस-पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पाचही वाचनभाग बसत नाहीत, ही अडचण किरकोळ म्हणावी लागेल.

प्रत्यक्ष परीक्षेला बसवावे का, असे पालक विचारतात. निकाल केंब्रिजच्या मापनश्रेणीवर दिला जातो: १२० गुणांना उत्तीर्ण, १४० ते १५० गुण मिळाल्यास प्रमाणपत्रावर वरच्या बी-वन पातळीची नोंद होते, आणि १०० ते ११९ मिळाल्यास ए-वन पातळीचे प्रमाणपत्र मिळते. काठावर राहिलेल्या मुलाच्याही हाती काही तरी पडते, ही पद्धत मला आवडते. मात्र शुल्क परीक्षा केंद्रे ठरवतात, राज्यातील अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि तेथे या प्रमाणपत्राचा उपयोग नाही; त्यामुळे मराठी शाळेतील मुलासाठी केवळ कागदाखातर हा खर्च करावा असे मी सुचवणार नाही. नमुना पत्रिका आणि सोबतची विनामूल्य शब्दसूची पुरेशी आहे.

सरावासाठी पुस्तक घ्यायचेच असेल तर मुखपृष्ठावर २०२० पासूनच्या सुधारित परीक्षेचा उल्लेख आहे ना, हे पाहून घ्यावे. त्यापूर्वीची वाचन-लेखनाची पत्रिका एक तास दहा मिनिटांची, नऊ भागांची आणि ५६ प्रश्नांची होती. परीक्षेला बसणाऱ्याने त्या जुन्या संचांच्या वाटेला जाऊ नये. पण ज्याला केवळ वर्गात व्याकरण तपासायचे आहे, त्या शिक्षकाला पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा अन्यत्र असा जुना संच स्वस्तात मिळाला तर त्याने तो जरूर घ्यावा, कारण त्यात पर्यायांविना भरायच्या जागा सहा नसून दहा आहेत.