छायाचित्र-संपादनासाठी परवडणारा मॉनिटर : आसूस प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही

गोव्यातल्या छायाचित्रकाराला मॉनिटरची परीक्षा घ्यायची असेल, तर अबोलीच्या फातीचा, म्हणजे गजऱ्याचा, जवळून काढलेला एक फोटो पुरेसा आहे. अबोलीचा रंग केशरी आणि गुलाबी यांच्या मधोमध कुठेतरी असतो. स्वस्त पडद्यावर तो हमखास एका बाजूला झुकतो, आणि शेजारी नवरीच्या शालूचा लाल असेल तर त्या लालातल्या घड्या एकाच सपाट डागात बुडतात. लग्नसमारंभांचे आणि जत्रांचे फोटो संपादित करून ते छपाईला देण्याचे माझे काम असल्यामुळे, पंचवीस हजारांच्या आत नवा मॉनिटर शोधताना मी ही कसोटी सर्वांत वर ठेवली, आणि तिला उतरला तो आसूसचा प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही.

पडदा २४.१ इंची, आयपीएस पॅनेलचा (म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) आणि १९२० बाय १२०० पिक्सेलचा आहे. एसआरजीबी ही रंगकक्षा, म्हणजे रंगांची ठरावीक व्याप्ती, तो पूर्ण दाखवतो आणि रंगातली चूक, म्हणजे डेल्टा ई, सरासरी २ पेक्षा कमी राहील अशी जुळणी कारखान्यातूनच करून येते. इतका फरक सामान्य डोळ्याला सहसा जाणवत नाही. एसआरजीबीचे मानक १९९६ साली पुढे आले. आजही बहुतेक मोबाइल, संकेतस्थळे आणि माझी छपाईची लॅब याच कक्षेवर चालतात, त्यामुळे ॲडोबी आरजीबी या अधिक मोठ्या रंगकक्षेसाठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरज मला वाटली नाही. दुकानात इतर मॉनिटर पाहताना एक आकडा मात्र जरूर वाचावा. खोक्यावर ७२ टक्के एनटीएससी (टीव्हीसाठीच्या जुन्या रंगकक्षेचे माप) असे लिहिलेले असेल, तर तो पडदा साधारणपणे पूर्ण एसआरजीबीच्या जवळ जातो; ४५ टक्के लिहिलेले असेल, तर संपादनासाठी त्याचा विचारच करू नये, मग त्याचा पडदा कितीही मोठा असो. दुकानांत सगळे मॉनिटर भडक मोडवर लावून ठेवलेले असतात, म्हणून आपले फोटो पेन ड्राइव्हवर नेऊन साध्या मोडमध्येच ते पाहण्याचा आग्रह धरावा.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते या पडद्याचे १६:१० हे प्रमाण. कॅमेऱ्यातून येणारा ३:२ चा आडवा फोटो १०८० उंचीच्या नेहमीच्या पडद्यावर १६२० बाय १०८० एवढाच मावतो, तर इथे तो १८०० बाय १२०० होतो, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. स्टँड भक्कम आहे; पडदा वर-खाली होतो, वळतो आणि उभाही करता येतो, त्यामुळे मंगेशीच्या दीपमाळेसारखे उभे फोटो तळापासून कळसापर्यंत एकाच नजरेत तपासता येतात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पिक्सेलची घनता इंचाला सुमारे ९४ असल्यामुळे शार्पनिंगचा, म्हणजे फोटोतल्या कडा धारदार करण्याचा, अंदाज थोडा ढोबळ येतो, आणि अंधाऱ्या खोलीत काळ्या पार्श्वभूमीचा फोटो उघडला की कोपऱ्यांत आयपीएसची फिकट चमक दिसते. यूएसबी-सी नाही, त्यामुळे नवा लॅपटॉप एकाच केबलने जोडता येत नाही. स्पीकर नावापुरते आहेत.

विकत घेतल्यावरची मांडणीही मॉनिटरच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. छापून आलेले फोटो काळपट दिसतात अशी तक्रार अनेक जण करतात. त्याचे कारण बहुतेक वेळा लॅबमध्ये नसून पडद्याच्या अतिरेकी उजेडात असते. मी उजेड १०० ते १२० कॅन्डेलाच्या दरम्यान, पांढरा रंग ६५०० केल्व्हिनवर आणि गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारी मांडणी, २.२ वर ठेवतो, आणि काम सुरू करण्यापूर्वी मॉनिटर अर्धा तास चालू राहू देतो. स्वतःचा कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजून जुळवणारे उपकरण, नसेल तर ओळखीच्या छायाचित्रकाराकडून अधूनमधून आणावा, कारण कारखान्यातली जुळणी कायम टिकत नाही. आपल्याकडे आणखी एक अडचण असते: पावसाळ्यात खिडकीबाहेरची झाडे इतकी दाट होतात की आत येणारा उजेडच हिरवट असतो, आणि त्या उजेडात त्वचेच्या रंगाचा अंदाज नकळत चुकतो. मॉनिटर खिडकीला काटकोनात ठेवून जाड, करड्या रंगाचा पडदा ओढून घेतला की हा दोष जातो. मे महिन्यातल्या वळिवाच्या विजा आणि वीजपुरवठ्यातले चढउतार लक्षात घेता चांगला यूपीएसही हिशेबात धरावा.

बजेट वाढवता येत असेल आणि टेबलावर जागा असेल, तर याच मालिकेतला २७ इंची पीए२७८क्यूव्ही पाहावा. २५६० बाय १४४० पिक्सेलमुळे त्याची घनता इंचाला १०९ च्या आसपास जाते आणि बारकावे अधिक स्पष्ट दिसतात. दोन्हींपैकी कोणताही घेतला, तरी पैसे देण्यापूर्वी दुकानातच पूर्ण पडद्यावर आधी काळा, मग पांढरा आणि शेवटी मध्यम करडा रंग लावून मृत पिक्सेल (रंग न बदलणारे ठिपके) आणि असमान उजेड तपासून घ्यावा.