सिग्नल, काही महिन्यांनंतर: घरचे तयार आहेत, फोन तयार नाहीत

५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं आणि घरच्या कॉलसाठी सिग्नल हे कॉल-मेसेजचं अ‍ॅप आलं. आवाज, एन्क्रिप्शन (मधल्या कुणाला बोलणं ऐकता न येणं), जाहिराती नसणं यावर भरपूर लिहून झालंय, त्याबद्दल तक्रार नाही. माझी चिडचिड एकाच गोष्टीवर आहे: कॉल येतो, पण समोरचा फोन वाजत नाही.

काकूंना ‘हे टाकून घ्या’ म्हटलं की त्या टाकून घेतात. पण पहिले दोन कॉल न वाजता गेले की ‘तुझं ते निळं काही चालत नाही रे, व्हॉट्सअ‍ॅपवरच कर’. त्यानंतर त्यांना परत आणणं महाकठीण. स्वस्त फोनमध्ये बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चालणारी अ‍ॅप मारून टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपला बहुतेक वेळा आधीच सूट असते, सिग्नलला ती हाताने द्यावी लागते.

म्हणून फोन हातात घेऊनच हे करा. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, सिग्नल, बॅटरी. तिथे ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ किंवा ‘अनरिस्ट्रिक्टेड’. ऑटोस्टार्ट (अ‍ॅपला आपोआप सुरू व्हायची परवानगी) असेल तर चालू. काही फोनमध्ये ‘अदर परमिशन्स’ असा वेगळा कप्पा असतो. त्यात लॉक स्क्रीनवर दिसायची आणि मागून पॉप-अप उघडायची परवानगी द्या. ती राहिली तर रिंग वाजते, पण उचलायचं बटणच दिसत नाही. मग स्क्रीन बंद करून फोन अर्धा तास तसाच पडू द्या आणि कॉल लावा. लगेच लावलेला कॉल वाजतोच, त्यावर विसंबू नका.

सुधारणा: एवढं करूनही काही महिन्यांनी एक फोन परत मुका झाला. या वेळी दोष बॅटरीचा नव्हता. बरेच महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या अँड्रॉइड स्वतःच काढून घेतं आणि अ‍ॅप झोपवतं. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर तळाशी ‘पॉज अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी इफ अनयूज्ड’ असं काहीतरी असतं, ते बंद करा. खरं तर महिन्यातून एकदा सिग्नलवर कॉल केला असता तर ही वेळच आली नसती. नुसतं टाकून घ्यायला लावायचं आणि कॉल व्हॉट्सअ‍ॅपवर करायचा, याला काय अर्थ आहे?

सिग्नलचा स्वतःचा पिन अधूनमधून विचारला जातो आणि ज्येष्ठांना ती ओटीपीची फसवणूक वाटते. सिग्नलच्या सेटिंग्जमध्ये, अकाउंटखाली ‘पिन रिमाइंडर्स’ बंद करा आणि पिन पासबुकाजवळच्या वहीत लिहून ठेवा. ‘रजिस्ट्रेशन लॉक’ (नव्या फोनवर नंबर नोंदवताना पिन मागणारं कुलूप) चालू असताना पिन विसरला तर नव्या फोनवर ७ दिवस खोळंबा. ज्यांचा रोजचा डेटा संध्याकाळपर्यंत संपतो, त्यांच्यासाठी ‘डेटा अँड स्टोरेज’मध्ये कॉलसाठी कमी डेटाचा पर्याय आहे.

ग्रुप कॉल होतो, पण प्रत्येकाकडे सिग्नल हवंच. लिंक पाठवली तरी ब्राउझरमधून येता येत नाही. बारशाच्या एखाद्या कॉलसाठी दूरच्या नातलगांना हे टाकायला लावू नका, गूगल मीटची लिंक द्या. दुबईतल्यांच्या मागे तर लागूच नका: तिथे व्हॉट्सअ‍ॅपचेही कॉल अडवलेले असतात, म्हणून घरोघरी बोटिम हे तिथे चालणारं कॉलिंग अ‍ॅप.

एक उणीव मात्र भरून निघालेली नाही. स्काइपचं क्रेडिट भरून परदेशातून गावच्या लँडलाइनवर बोलता यायचं. सिग्नलवरून लँडलाइन लागत नाही, त्यामुळे स्मार्टफोन नसलेल्या आजींसाठी तिकडच्या सिमचं भारत-कॉलिंग पॅक वेगळं घ्यावं लागतं. तो खर्च आधीच धरा.