पेट्झलचं ग्रीग्री: खाली उभ्या राहणारीचा अभिप्राय

प्रस्तरारोहणाच्या साहित्याबद्दल लिहितात ते बहुतेक वर चढणारे. मी खाली उभी असते. आमच्या ग्रुपचे लीड करणारे, म्हणजे दोर घेऊन सगळ्यात पुढे चढणारे, बदलत गेले, कुणाचे गुडघे बोलायला लागले, कुणी बंगळुरूला गेलं, पण बिलेला, म्हणजे खालून चढणाऱ्याचा दोर सांभाळायला कोण, तर मीच. नवी पोरं मला मावशी म्हणतात आणि ‘मावशी, टाइट!’ असं ओरडतात. तेव्हा पुढचं सगळं मत मान वर करून तासन् तास दोर सोडणाऱ्या आणि ओढणाऱ्या बाईचं आहे, एवढं धरून वाचा.

माझ्याकडचं ग्रीग्री, म्हणजे बिले देताना दोर धरणारं यंत्र, हे २०१९ साली आलेलं मॉडेल. साडेनऊ हजारांच्या आसपास पडलं. नवरा म्हणाला, एवढ्यात चांगला मिक्सर आला असता. मिक्सर आहे आमच्याकडे.

ज्यांनी हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी: तळहातात मावेल असं, १७५ ग्रॅम वजनाचं यंत्र. आत एक स्टीलचा कॅम, म्हणजे फिरणारा तुकडा असतो, दोर त्याला वळसा घालून जातो. दोर हळू सरकला तर सरकू देतो. वरचा माणूस पडला की झटक्याने कॅम फिरतो आणि दोर आवळून धरतो. गाडीच्या सीटबेल्टसारखंच. पेट्झल या फ्रेंच कंपनीने पहिलं ग्रीग्री १९९१ मध्ये काढलं. त्याआधी आणि आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं, सगळा भरवसा बिलेयरच्या मुठीवर आणि फिगर ऑफ एटवर, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराच्या धातूच्या कडीवर. मी शिकले तीही एटवरच, त्याआधीच्या पिढीने तर कमरेभोवती दोर घेऊन बिले दिलेत.

आता तैलबैल्याच्या कातळभिंतीवरचं सांगते, कारण पैसे तिथे वसूल झाले. भिंतीच्या मधल्या टप्प्यावर आमचा लीडर कातळात बसवलेल्या, दोर अडकवायच्या शेवटच्या बोल्टच्या बराच वर होता. सह्याद्रीचा बेसॉल्ट कसा ते तुम्हाला माहीत आहे: एक थर हाताला ठणठणीत लागतो आणि वीतभर वरचा होल्ड बिस्किटासारखा सुटून येतो. ‘दगड!’ असा आवाज आला. मी सवयीने मान वर न करता कातळाला चिकटले, हेल्मेट पुढे. नारळाएवढा तुकडा खांद्याला घासून गेला आणि त्याच क्षणी हार्नेसला हिसका बसून माझे पाय जमिनीवरून सुटले. होल्डबरोबर तोही आला होता. माझं वजन बावन्न किलो, त्याचं ऐंशीच्या घरात. मागच्या बोल्टला सेल्फ अँकर, म्हणजे स्वतःला बांधून ठेवणारा दोर लावलेला होता म्हणून फूटभर उचलले जाऊन तिथेच अडकले. उजवा हात दोरावर होता, पण खरं सांगायचं तर खांद्याला मुंग्या आल्यामुळे त्या हातात किती जोर होता याची खात्री मी देणार नाही. ग्रीग्रीने दोर धरला होता. तो वर लोंबकळत शिव्या घालत होता, म्हणजे ठीक होता.

दगड लागून बिलेयर बेशुद्ध पडला तर काय, हा आपल्या डोंगरातला खरा प्रश्न आहे. घसारा आहे, वर माकडं आहेत, पावसाळ्यानंतर सुटे झालेले दगड आहेत, आणि कपारीत आग्या मोहोळ असेल तर मग बिले सोडून हात आपोआप तोंडाकडे जातात. एटमध्ये हात सुटला म्हणजे संपलं. इथे निदान एक संधी आहे. पण संधीच. कंपनीसुद्धा म्हणत नाही की ब्रेकचा हात काढा. यंत्र मदत करतं, हात तुमचा लागतोच. ‘ऑटो’ हा शब्द दुकानदाराच्या तोंडून ऐकलात तर त्याच्याकडून दुसरं काही घ्या, टॉर्च वगैरे.

गडबड होते ती दोर भराभर सोडताना. वरचा बोल्टमध्ये क्विकड्रॉ (दोर अडकवायची जोडकडी) लावून दोर मागतो, तुम्ही जोरात ओढता, यंत्राला वाटतं कुणी पडलं आणि ते आवळतं. वरून ‘अरे दे ना दोर!’ अशी हाक येते. मग घाईत लोक काय करतात, तर पूर्ण यंत्र मुठीत दाबून धरतात म्हणजे कॅम फिरणारच नाही. आणि नेमका तेव्हाच तो पडतो. बरोबर पद्धत अशी: ब्रेकचा हात दोरावरच, त्याच हाताची तर्जनी यंत्राच्या कडेच्या ओठाखाली, अंगठा कॅमवर, दोर दिला की लगेच अंगठा काढायचा. हे वाचून येत नाही. मुंब्र्याच्या खडकावर किंवा एखाद्या कृत्रिम भिंतीवर, पाच फुटांच्या उंचीवरून मुद्दाम पाडून घेत शिकायचं. माझ्या ओळखीत दोन-तीन महिने गेल्यावरच लोकांचा हात बसतो.

दुसरी घाबरगुंडी उतरवताना. लिव्हर ओढला की दोर सुटतो, आणि घाबरलेला माणूस जास्तच ओढतो. ग्रीग्री प्लस नावाच्या मॉडेलमध्ये लिव्हर फार ओढला तर ते थांबतं, पण ते जड आणि महाग. शिकाऊंच्या हातात द्यायचं असेल तर मी तेच घेईन. माझ्या स्वतःसाठी नाही.

आता तक्रार नव्हे, पण सह्याद्रीत फिरणाऱ्याने लक्षात घ्यावी अशी गोष्ट. एट किंवा एटीसीमध्ये (हेही साधं, आपोआप न आवळणारं बिलेचं साधन) पडणाऱ्याचा झटका येतो तेव्हा दोर थोडा सरकतो, आणि त्या सरकण्यात जोर विरतो. ग्रीग्री जवळजवळ जागच्या जागी धरतं. म्हणजे सगळ्यात वरच्या प्रोटेक्शनवर, दोर अडकवलेल्या बोल्टवर किंवा मेखेवर, जास्त भार. भिंतीवर नवे, नीट बसवलेले बोल्ट असतील तर प्रश्न नाही. पण आपल्या जुन्या सुळक्यांवर अजून वीस-तीस वर्षांपूर्वी ठोकलेल्या मेखा आहेत, गंजलेल्या, हातोडीने टकटक केली की पोकळ आवाज देणाऱ्या. तशा मेखेच्या भरवशावर लीड चाललेलं असेल तेव्हा मी ग्रीग्री सॅकमध्ये ठेवते आणि एटीसी काढते, आणि स्वतः पुढे सरकून थोडी ‘मऊ’ बिले देते. यावरून आमच्याकडे वानरलिंगी सुळक्याच्या पायथ्याशी, म्हणजे घाटघरच्या मुक्कामात, रात्री अकरापर्यंत वाद झाला. एक म्हणे मेख तशीच असेल तर चढूच नये. बरोबर आहे त्याचं, पण दुसऱ्या दिवशी पहाटे दोर बांधून पहिला तोच उभा होता.

दोराच्या जाडीचाही प्रश्न. यंत्र ८.५ ते ११ मिलिमीटरच्या एकेरी दोराला चालतं, ८.९ ते १०.५ ला सर्वात छान. क्लबांकडे असतात ते बऱ्याचदा अकराचे, कित्येक मोसम वापरून बाहेरचं आवरण केसाळ झालेले. तो दोर ग्रीग्रीतून सोडणं म्हणजे व्यायाम. शिवाय आपली लाल माती. एका रविवारी सगळा दोर मातीत लोळला असेल तर यंत्रातून खरखर ऐकू येते. मी घरी येऊन कोमट पाण्याने धुते, जुन्या टूथब्रशने कॅमच्या कडा घासते, सावलीत सुकवते. तेल-बिल नाही.

रॅपलिंग करून उतरायचं असेल तर मात्र हे एकटं पुरत नाही. सुळक्यावरून खाली यायचं म्हणजे दोर अँकरमधून दुहेरी सोडायचा आणि खाली पोचल्यावर ओढून काढायचा. ग्रीग्रीत दोन दोर जात नाहीत. म्हणून एट किंवा एटीसी सोबत हवंच. एकेरी दोरावर उतरून मध्येच लटकत फोटो काढणं, होल्ड साफ करणं, बोल्ट बसवणं, यासाठी मात्र फार सोयीचं. खालच्या टोकाला गाठ मारायला विसरू नका, सगळ्यात साधी गोष्ट तीच.

वरून सेफ्टी रोप देताना, म्हणजे शिबिरात नवख्यांना रॅपल करायला लावताना, मी हे बिनदिक्कत वापरते. दिवसभर एकामागून एक माणसं उतरवताना हात शाबूत राहतो. पण अँकरला लटकवलं आणि ते कातळावर टेकलेलं राहिलं, तर कॅमला किंवा लिव्हरला हलायला जागा राहत नाही आणि ते नीट आवळत नाही. एका शनिवार-रविवारच्या व्यावसायिक कॅम्पात, नाव सांगत नाही, मी पाहिलं की यंत्र कपारीत रुतलेलं आहे, सेफ्टी देणारा मुलगा कड्याच्या काठावर बसून मोबाइल बघतोय आणि त्याचा स्वतःचा सेल्फ अँकर नाही. पंचवीसेक माणसं रांगेत. त्या मुलाला सांगितलं तर म्हणाला, ‘मॅडम, ग्रीग्री आहे.’ अरुण सावंतांसारख्या अनेक दशकं कडे हाताळलेल्या गिर्यारोहकाचा जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या मोहिमेत जीव गेला, त्यानंतरही हे उत्तर येतं. राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आणलं, नोंदणीही सुरू केली, पण काठावर बसलेल्या मुलाला कुणी विचारत नाही.

डावखुऱ्यांसाठी एक सांगायला हवं. यंत्र उजव्या हाताने ब्रेक धरणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं आहे. आमच्याकडची एक मुलगी डावखुरी. तिला शेवटी उजव्या हाताने बिले द्यायला शिकवलं, कारण उलट धरून लिव्हर चालवताना तिचा ब्रेकचा हात दर वेळी दोरावरून सुटत होता. ती आता मस्त देते, पण तिला जास्त वेळ लागला आणि तिने त्याबद्दल माझं बरंच ऐकलं.

दोर उलटा घालायची शक्यताही आहे. यंत्राच्या अंगावर कोरलेलं चित्र असतं, एक टोक चढणाऱ्याकडे आणि दुसरं हाताकडे. तरी घातल्यावर चढणाऱ्याच्या बाजूचं टोक एकदा हिसका देऊन ओढा. आवळलं तर ठीक. हे मी आजही करते, आणि समोरचा माझा हार्नेस बघतो, मी त्याची गाठ.

घ्यावं का? महिन्यातून एकदा गडावर जाता आणि वर्षातून एकदा कुणाबरोबर रॅपल करता, तर नको. एटीसी घ्या, चांगलं हेल्मेट घ्या, उरलेल्या पैशांत प्रस्तरारोहणाचा बेसिक कोर्स होतो. भिंतीवर नियमित सराव असेल, बोल्ट केलेल्या मार्गांवर लीड चालत असेल, किंवा माझ्यासारखं हलक्या वजनात जड माणसं धरायची असतील तर घ्या. नवंच घ्या, बिल घेऊन, अधिकृत विक्रेत्याकडून. ऑनलाइन एक तृतीयांश किमतीत मिळणारी नक्कल दिसायला तंतोतंत असते. स्वस्त मिळालं म्हणून कुणी दाखवायला आणलं तर मी त्यावर चढणाऱ्याला बिले देत नाही. आणि ओळखीच्यांनी माझं उसनं मागू नये. स्लीपिंग बॅग हवी असेल तर आहे, दोन आहेत.