साइटवर काय द्यावं: साधा फोन, खडतर फोन की टॅबलेट?

बांधकामाच्या दोन-तीन साइट एकदम चालू असल्या की मालक सगळीकडे पोचू शकत नाही. सुपरवायझरच्या वहीत काय आहे हे वही हातात आल्याशिवाय कळत नाही, आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या साइटवर असते. मग कुणीतरी म्हणतं, सगळ्यांना टॅबलेट देऊन टाकू. थोडं थांबा. आधी हे आठवून पाहा की गेल्या वर्षी कुठल्या नोंदीअभावी पैसे अडकले किंवा वाद झाले. उत्तरं साधारण ठरलेली असतात: तोंडी सांगितलेलं जादा काम, काँक्रीटखाली गेलेली सळई, प्लास्टरमागे गेलेले पाइप, माल नक्की किती उतरला याचा घोळ, हजेरी. यातल्या जवळपास सगळ्यांना कॅमेरा आणि तारीख एवढंच लागतं. मोठा पडदा लागतो तो ड्रॉइंगसाठी. त्यामुळे तुमचा त्रास फोटोचा आहे की ड्रॉइंगचा, यावर अर्धा निर्णय तिथेच होतो.

माणसाचा स्वतःचा फोन

याला खर्च नाही, शिकवावं लागत नाही आणि माणूस तो जपतोही. बहुतेक धंद्यांत आज हेच चालू आहे. अडचण पुढे येते. साइटचे फोटो घरच्या लग्नाच्या फोटोंमध्ये मिसळलेले असतात आणि माणूस काम सोडून गेला की पुरावाही त्याच्याबरोबर जातो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो टाकतो ना, मग काय बिघडलं, असं वाटेल. पण नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि त्याच्या फाइलमध्ये दडलेली काढल्याची वेळ व जागा गळून जाते. उरते ती फक्त मेसेजची तारीख. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. त्याहून बरं म्हणजे कंपनीच्या खात्याचं एक क्लाउड फोल्डर, साइटनिहाय. अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ नावाची सोय आहे, तिने कामाची अॅप वेगळ्या कप्प्यात राहतात आणि माणूस गेला की तेवढाच कप्पा पुसता येतो. चार-पाच माणसांसाठी तो खटाटोप वाटेल, दहा-पंधरा झाली की वाटणार नाही. आणि त्याचा डेटा तुमच्या कामाला वापरता, तर त्याचे पैसे द्या. नाहीतर फोटो येणं बंद होईल आणि कारणही कुणी सांगणार नाही.

कंपनीचा साधा फोन की खडतर फोन

खडतर फोन म्हणजे धूळ, पाणी आणि आपटणं सोसावं म्हणून मजबूत बांधलेला (‘रग्ड’) फोन. इथे डब्यावरची अक्षरं नीट वाचायला हवीत, कारण विक्री त्यांच्यावरच होते.

‘आयपी’ ही धूळ-पाण्यापासूनच्या बचावाची खूण. ‘आयपी६८’ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा: ७ असेल तर १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, ८ असेल तर त्याहून कठीण परीक्षा, तीही उत्पादकाने सांगितलेल्या खोलीपर्यंत आणि वेळेपुरती. आता बरेच साधे फोनही आयपी६७ किंवा आयपी६८ असतात. पण ही परीक्षा नव्या फोनची, गोड्या पाण्यात होते. सिमेंटची लापशी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिचा पीएच १२-१३ च्या घरात, म्हणजे ती तीव्र अल्कली असते आणि चार्जिंगच्या भोकात ती सुकली की दगड होते. शिवाय एकदा आपटून काच तडकली की आयपीचा आकडा विसरायचा.

‘मिलिटरी ग्रेड’ हे दुसरं आमिष. हा आधार अमेरिकी लष्कराच्या मिल-स्टँडर्ड-८१० चा, ज्याची ‘एच’ आवृत्ती २०१९ ची आहे. त्यात चाचण्यांची मोठी यादी आहे आणि त्यातल्या कुठल्या करायच्या हे उत्पादकच ठरवतो. लष्कर कुणाला शिक्का देत नाही. पडण्याची नेहमीची चाचणी १.२२ मीटरवरून २६ वेळा असते, म्हणजे साधारण कमरेच्या वरून हात सुटला तर. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवरून पडलेल्या फोनबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही. कुठल्या चाचण्या केल्या ते पत्रकात लिहिलं नसेल तर त्या दोन शब्दांना फारशी किंमत देऊ नका.

खडतर फोनचे खरे फायदे वेगळेच आहेत: काही मॉडेलमध्ये बदलता येणारी बॅटरी, हातमोजा घालून चालणारा पडदा, गोंगाटात ऐकू येणारा स्पीकर, बाजूला एक जादा बटण ज्यावर कॅमेरा लावून ठेवता येतो. तोटे असे की तो जड असतो, त्याच किमतीच्या साध्या फोनपेक्षा कॅमेरा बहुधा डावा असतो आणि अँड्रॉइडच्या अपडेट लवकर थांबू शकतात. किती वर्षं अपडेट मिळणार हे लेखी पाहा. कॅट नावाचे फोन बनवणारी बुलिट ही ब्रिटिश कंपनी २०२४ मध्ये कोसळली. असे फोन बनवणाऱ्यांत छोट्या कंपन्या बऱ्याच आहेत, तेव्हा मजबूत फोन आणि टिकाऊ कंपनी या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासा.

माझं मत स्पष्ट आहे: घराच्या आणि आतल्या कामांना चांगल्या कॅमेऱ्याचा साधा फोन, त्याला जाड कव्हर, भोकावर रबरी झाकण आणि मनगटात अडकवायची दोरी. पायाखोदाई, पाइपलाइन, भर पावसातली कामं असतील तर मात्र खडतर फोनच घ्या, तिथे कव्हर पुरत नाही.

टॅबलेट

ए१ कागद ५९४ × ८४१ मिलिमीटरचा असतो. दहा इंची टॅबलेटचा पडदा ढोबळ २२ × १४ सेंटिमीटर. पूर्ण ड्रॉइंग बसवलं की ते सुमारे सव्वाचार पट लहान होतं आणि २.५ मिलिमीटरचं अक्षर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर येतं. म्हणजे टॅबलेटवरही झूम करावंच लागतं. फरक असा की टॅबलेटवर झूम केल्यावर आपण कुठल्या खोलीत आहोत हे कळतं, फोनवर कळत नाही. फोनवर तेच अक्षर जेमतेम पाव मिलिमीटरच्या आसपास येतं आणि मग बोटांनी ड्रॉइंग सरकवत बसायचं.

टॅबलेटची खरी कमाई ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्तीत आहे. भिंतीला चिकटवलेली प्रिंट जुनी, आर्किटेक्टची मेल नवी, आणि खिडकी दोनशे मिलिमीटर डावीकडे गेलेली, हा प्रकार एकदा टळला तरी बरंच भागतं. पण टॅबलेटमध्ये साठवलेली पीडीएफसुद्धा जुनी होते. म्हणून चालू ड्रॉइंगचं एकच फोल्डर ठेवा, जुनं त्याच दिवशी ‘रद्द’ मध्ये टाका आणि नेटशिवाय उघडेल अशी प्रत ठेवा, कारण तळघरात रेंज नसते.

उन्हाचं मात्र जपा. अनेक टॅबलेटची चमक ४००-५०० ‘निट’च्या (पडद्याची चमक मोजायचं एकक) आसपास असते आणि भर उन्हात वाचायला साधारण १००० लागते. स्वस्त टॅबलेटपेक्षा मधल्या किमतीचा फोन उन्हात बरा दिसतो, हे दुकानातल्या दिव्याखाली लक्षात येत नाही. उष्णतेचंही तेच. अॅपल आपल्या आयफोन-आयपॅडसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस ही वापराची मर्यादा सांगते. त्यापुढे पडदा मंद होतो, चार्जिंग थांबतं. त्यामुळे टॅबलेट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

आणि हात दोनच असतात. शिडी चढणाऱ्याच्या हातात टॅबलेट शोभत नाही. साइटला एक पुरे, तोही इंजिनिअर किंवा सुपरवायझरकडे. मुकादमाला देऊ नका, त्याला त्याचा उपयोग कमी आणि काळजीच जास्त.

मापांचं वेगळं

फोनने मापं घेता येतात ही जाहिरात खोटी नाही, पण अपुरी आहे. २०२० पासून काही आयपॅड प्रो आणि आयफोन प्रो मॉडेलमध्ये लायडार (लेझर प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर) आलं, त्याचा पल्ला साधारण ५ मीटर. खोलीचा कच्चा नकाशा किंवा रंगाचा अंदाज काढायला छान. चौकटीचं किंवा फरशीचं माप त्यावरून देऊ नका, चूक सेंटिमीटरमध्ये जाते. हातात मावणारं लेझर अंतरमापक साधारण दोन मिलिमीटरच्या आत उत्तर देतं आणि काही मॉडेल ब्लूटूथने आकडा सरळ फोनमध्ये टाकतात. बजेट तुटपुंजं असेल तर मी टॅबलेटआधी हेच घेईन. कडक उन्हात लाल ठिपका दिसत नाही, तेव्हा लक्ष्यपट्टी किंवा जुना टेप जवळ असू द्या. जीपीएसचंही गणित तसंच आहे: मोकळ्या आकाशाखाली फोन पाचेक मीटरपर्यंत अचूक असतो, इमारतींच्या मध्ये त्याहून वाईट. माणूस साइटवर आला का हे पाहायला चालेल, लाइन-आउटला, म्हणजे जमिनीवर बांधकामाची आखणी करायला, अजिबात नाही.

वही फेकू नका

मुकादमाची हजेरी वहीत जितकी पटकन लिहून होते तितकी कुठल्याच अॅपमध्ये होत नाही. रोज संध्याकाळी त्या पानाचा फोटो कंपनीच्या फोल्डरमध्ये गेला की पुष्कळ काम झालं. चलनाचंही तसंच: माल उतरताना ट्रक आणि चलन एकाच फोटोत घ्या.

तर एकच साइट आणि मोजकी माणसं असतील तर कंपनीचा एक साधा फोन, वही आणि लेझर मापक एवढ्यावर सुरू करा. दोन-तीन साइट असतील तर प्रत्येक सुपरवायझरला फोन आणि ज्या साइटची ड्रॉइंग वारंवार बदलतात तिथे टॅबलेट. फोन कुठलाही घेतलात तरी त्याचं गूगल किंवा अॅपल खातं कंपनीच्या मेलवर उघडा, पासवर्ड ऑफिसात ठेवा आणि हरवलेला फोन शोधण्याची सोय पहिल्याच दिवशी चालू करा. सुपरवायझरच्या खात्याने चालू केलेला फोन तो काम सोडून गेल्यावर रिसेट केला, तरी त्याच्याच पासवर्डसाठी अडून बसतो.