खोके, पत्रा आणि सरकता सूर: काही ब्लूज अल्बमांचे परीक्षण

स्लाइड गिटारवरचा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्यांतून आलेले संगीत, पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला तो फारसा परका वाटत नाही, याचे श्रेय मींडेला द्यावे लागेल. डाव्या हाताच्या बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवरून सरकवली, की दोन पडद्यांमधली जागाही बोलू लागते, आणि ब्लूजचा तो धड कोमल नाही, धड शुद्ध नाही असा गंधार नेमका त्याच जागेत वस्तीला असतो. या पावसाळ्यात मी स्लाइड, रेझोनेटर (पोटात धातूचे शंकू बसवलेली गिटार) आणि सिगारच्या खोक्याची गिटार या तीन वाटांनी जाणारे काही अल्बम पुन्हा पुन्हा ऐकले. त्यांतले कोणते विकत घ्यावेत, कोणते एकदा ऐकून सोडून द्यावेत आणि कोणते केवळ मुखपृष्ठावरच्या वाद्यामुळे लक्ष वेधून घेतात, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी कसोटी मी एकच ठेवली: वाद्याचा हट्ट ऐकू येतो की नाही.

हट्ट हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे, कारण यांतले एकही वाद्य वादकाचे लाड पुरवणारे नाही. सिगार लाकडी खोक्यांतून विकल्या जाऊ लागल्या तेव्हा अमेरिकेत रिकाम्या खोक्यांचा तोटा नव्हता, आणि दुकानातली गिटार ज्यांना परवडत नव्हती त्यांनी त्या खोक्याला काठी जोडून वर दोन-तीन तारा ताणल्या. त्याहूनही साधे वाद्य म्हणजे ‘डिडली बो’: फळीवर किंवा थेट घराच्या भिंतीवर ठोकलेली एकच तार, तिच्याखाली घोडीसारखी सरकवलेली बाटली, आणि सूर काढायला हातात आणखी एक बाटली किंवा सुरी. आपल्या तुणतुण्यालाही एकच तार असते. मात्र तुणतुणे गाणाऱ्याला सूर पुरवते, तर डिडली बो स्वतःच गाते.

रेझोनेटरचा जन्म गरिबीतून झाला नाही, तो आवाजाच्या गरजेतून झाला. वीज गिटारपर्यंत पोहोचण्यापूर्वी वाद्यवृंदातल्या तुताऱ्यांच्या गदारोळात गिटार ऐकू येत नसे. जॉर्ज बोशँप यांनी मोठ्या आवाजाच्या गिटारचा ध्यास घेतला आणि जॉन डोपेरा यांनी १९२० च्या दशकात तिच्या पोटात ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसवले. तारेचे कंपन घोडीवाटे शंकूत उतरते आणि तो शंकू ध्वनिवर्धकाच्या पडद्यासारखा थरथरतो. ‘नॅशनल’ कंपनीच्या या धातूच्या गिटारींचा आवाज मोठा असतो, पण विझतोही लवकर, आणि त्याला पितळेच्या भांड्यावर चमचा आपटल्यासारखी एक कडा असते. ब्लूजवाल्यांना ही कडाच आवडली. ब्लूज गिटारवादक टॅम्पा रेड यांनी १९२८ मध्येच या वाद्यावर ध्वनिमुद्रणे केली होती.

आता अल्बमांकडे वळू. एकच घ्यायचा असेल तर गायक-गिटारवादक सन हाऊस यांचा ‘फादर ऑफ फोक ब्लूज’ घ्यावा. हाऊस यांनी १९३० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन येथे ‘पॅरामाउंट’साठी काही तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या, १९४१-४२ मध्ये लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्यांचे गाणे टिपले, आणि त्यानंतर ते संगीतापासून इतके दूर गेले की १९६४ मध्ये तीन तरुण रसिकांनी न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात त्यांना शोधून काढले तेव्हा ते वाजवतही नव्हते. त्यांची स्वतःचीच गाणी त्यांना पुन्हा शिकवण्याचे काम ॲलन विल्सन या तरुण गिटारवादकाने केले. शिष्याने गुरूला गुरूचीच बंदिश आठवून द्यावी, असा हा प्रकार होता. एप्रिल १९६५ मध्ये ‘कोलंबिया’ कंपनीने निर्माते जॉन हॅमंड यांच्या देखरेखीखाली हा अल्बम ध्वनिमुद्रित केला.

त्यातले ‘डेथ लेटर’ हे गाणे नीट ऐकावे. प्रेयसी वारल्याचे पत्र आले आहे, आणि माणूस तिचे कलेवर पाहायला निघाला आहे, एवढाच विषय. पण गिटार शोक करत नाही. ती रुळांवरून धडधडत जाणाऱ्या गाडीसारखी एका लयीत पुढे जात राहते. उजवा हात तारा छेडत नाही, त्या जवळजवळ उपटतो. तार पडद्यावर आदळते आणि तो खणखणाट त्यांच्या नॅशनल गिटारच्या पत्र्याच्या पोटात घुमतो. नळी कधी सुराच्या किंचित खाली थांबते, कधी सुरावरून पुढे निघून जाते. या चुका काढून टाकल्या असत्या तर गाण्यात फारसे काही उरले नसते. ‘जॉन द रेव्हलेटर’ आणि ‘ग्रिनिन इन युअर फेस’ या दोन गाण्यांत तर गिटारच नाही, नुसता गळा आणि टाळ्या. गिटारच्या परीक्षणात त्यांचे काय काम, असा प्रश्न पडेल; पण ती ऐकल्यावरच कळते की हाऊस यांची नळी गळ्याची नक्कल करते आहे. दोन गाण्यांत विल्सन साथीला आहेत; साथ चांगली आहे, पण एकट्या हाऊस यांची गाणी मला अधिक टोकदार वाटतात. संपूर्ण सत्राची दोन तबकड्यांची आवृत्ती १९९२ मध्ये निघाली. ती अभ्यासकांसाठी ठीक. नव्या श्रोत्याला मूळ नऊ गाणी पुरेशी आहेत.

याच्याच जोडीला २०२२ मध्ये आलेला ‘फॉरेव्हर ऑन माय माइंड’ ठेवावा. नोव्हेंबर १९६४ मध्ये इंडियानातल्या वॉबॅश महाविद्यालयात झालेल्या कार्यक्रमाची ही फीत हाऊस यांना शोधून काढणाऱ्या तिघांपैकी एक, डिक वॉटरमन, यांच्या संग्रहात होती आणि गिटारवादक-निर्माते डॅन ऑरबाख यांनी ती प्रसिद्ध केली. इथले हाऊस वेगळे आहेत: शांत, थोडे सावध, नुकतीच हाती आलेली वाट पुन्हा चाचपून पाहणारे. कोलंबियाच्या अल्बममधली आग इथे कमी आहे, पण नळी तारेला टेकताना होणारा बारीक खरखराट इथे जास्त जवळून ऐकू येतो. फोनच्या ध्वनिवर्धकावर यातले काहीच कळणार नाही. किमान बरे हेडफोन हवेत.

मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल यांच्या ‘आय डू नॉट प्ले नो रॉक अँड रोल’ या १९६९ च्या ध्वनिमुद्रणात वाद्य विजेवर गेले आहे, सोबत बेस आणि ड्रम आहेत. उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांमधली एकाच स्वराभोवती फिरत राहणारी ही शैली विजेमुळे बिघडत नाही, उलट तिची भूल वाढते. मात्र साथीदार कधी कधी मॅकडॉवेल यांच्या लवचीक लयीला ठोकळ्यात बसवू पाहतात, आणि तेवढ्यापुरती मौज उणावते. लहानपणी एका नातेवाइकाला गुराच्या बरगडीच्या हाडाने तारा घासताना पाहून ज्यांनी हे तंत्र उचलले, त्यांना काटेकोर ठेक्याची गरजच काय?

ख्रिस व्हिटली यांचा ‘डर्ट फ्लोअर’ (१९९८) हा या यादीतला सर्वांत कमी बोलला गेलेला आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित अल्बम आहे. व्हरमाँटमध्ये, वडिलांच्या जागेत, एका दिवसात तो ध्वनिमुद्रित झाला. गिटार, बँजो, पायाचा ठोका आणि गळा, बाकी काही नाही. पूर्ण अल्बम अर्ध्या तासापेक्षाही लहान आहे. व्हिटली यांचे १९९१ चे पदार्पण गाजले होते आणि त्यात त्यांच्या नॅशनल गिटारभोवती भरपूर ध्वनिसजावट होती. इथे ती सारी उतरवून ठेवली आहे. त्यांचे शब्द काहीसे दुर्बोध आहेत, आणि रूढ बारा मात्राखंडांचा ब्लूज शोधणाऱ्याची निराशा होईल. पण खोलीतला हवेचा आवाजसुद्धा वाद्याचा भाग होऊ शकतो, हे शिकायचे असेल तर यासारखे उदाहरण नाही. २००५ मध्ये व्हिटली गेले. त्यानंतर हा अल्बम ऐकणे थोडे कठीण झाले आहे, हे माझे वैयक्तिक मत म्हणून सोडून द्यावे.

सिगारच्या खोक्याकडे वळताना एक कबुली देतो. उत्साहाच्या भरात मी तीन तारांची अशी एक गिटार मागवली होती. पहिल्याच पावसाळ्यात तिची दांडी वाकली आणि तारा पडद्यांपासून बोटभर वर गेल्या. नेहमीच्या पद्धतीने ती वाजवणे अशक्य झाले, पण नळीने ती अजूनही वाजते, कारण नळीला पडद्यांशी कर्तव्य नसते. खोक्याची गिटार आणि स्लाइड यांची सोयरीक का जमली, हे मला पुस्तकांपेक्षा त्या वाकलेल्या दांडीने अधिक चांगले समजावले.

समँथा फिश यांच्या ‘किल ऑर बी काइंड’ (२०१९) या अल्बमची सुरुवात ‘बुलेटप्रूफ’ने होते, आणि त्या गाण्यासाठी त्या चार तारांची खोक्याची गिटार हाती घेतात. ध्वनिवर्धक इतका तापवलेला आहे की खोके लाकडाचे आहे की लोखंडाचे, हे कळू नये. गाणे झणझणीत आहे आणि फिश यांची पकड पक्की आहे. पण पुढे अल्बम मेम्फिसच्या सोल संगीताकडे, व्हायोलिनच्या नव्हे तर ब्रासच्या साजाकडे वळतो आणि खोक्याने उघडलेली वाट बंद होते. अल्बम म्हणून तो उत्तम बांधलेला आहे. खोक्याच्या गिटारसाठी तो घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे. एका गाण्यापुरते वापरलेले वाद्य फोडणीतल्या कढीपत्त्यासारखे असते, वास येतो, पण जेवण त्याचे नसते.

याउलट सीसिक स्टीव्ह यांचा ‘डॉग हाऊस म्युझिक’ (२००६). या माणसाची सारी कीर्तीच तुटक्या वाद्यांवर उभी आहे: तीनच तारा लावलेली जुनी गिटार, पुढे एका तारेची डिडली बो, आणि पायाखाली ठोकण्यासाठी लाकडी खोके, ज्यावर मोटारसायकलच्या नंबराची पाटी बसवली आहे. २००६ च्या वर्षअखेरीस जूल्स हॉलंड यांच्या ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी ‘डॉग हाऊस बूगी’ सादर केले आणि पांढऱ्या दाढीचा हा गायक एका रात्रीत घराघरांत पोहोचला. अल्बम घरगुती आहे आणि तसाच वाजतो. तीन तारांच्या मर्यादेमुळे सुरावट अगदी मोजक्या जागांवर फिरते, त्यामुळे सगळा भार ठेक्यावर येतो, आणि हा ठेका पायाला स्वस्थ बसू देत नाही. मात्र गाण्यांमधून भटक्या जीवनाच्या गोष्टी इतक्या येतात की अल्बमच्या उत्तरार्धात कीर्तनकाराने आख्यान लांबवावे तसे होते. संथ गाणी मला सरासरी वाटली.

त्या गोष्टींविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चरित्राने दाखवून दिले की रेल्वेच्या मालडब्यांतून फिरणारा उपेक्षित वादक, ही त्यांची प्रतिमा बरीचशी रंगवलेली होती आणि स्टीव्ह लीच या नावाने ते अनेक वर्षे व्यावसायिक वादक म्हणून काम करत होते. अनेक रसिक यावर नाराज झाले. मला मात्र त्या तपशिलांतला एक फार मोलाचा वाटला: १९७१ च्या सुमारास ते कॅलिफोर्नियातल्या ‘शांती’ नावाच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवत होते, आणि त्याच वृंदात सरोदवर आशिष खाँ आणि तबल्यावर आपले माहीमचे झाकीर हुसेन होते. तबल्याच्या इतक्या जवळ बसलेल्या माणसाने पुढे एका पायाच्या ठोक्यावर आख्खे गाणे पेलावे, यात मला तरी लबाडी दिसत नाही. प्रतिमा खोटी असेल. ठेका खोटा नाही.

झाकीरभाईंच्या निमित्ताने इकडे आलोच आहोत, तर यादीतला शेवटचा अल्बम ब्लूजच्या कुंपणावर बसलेला असूनही सांगतो. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३) मध्ये राय कूडर यांची बॉटलनेक (म्हणजे स्लाइड) गिटार आणि पं. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा, म्हणजे तरफा जोडलेली गिटार, आहे, तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी आणि दुम्बेक या पेल्याच्या आकाराच्या तालवाद्यावर कूडर यांचा किशोरवयीन मुलगा जोआकिम. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथील एका प्रार्थनामंदिरात, पूर्वतयारीशिवाय, तो ध्वनिमुद्रित झाला आणि त्याला ग्रॅमी मिळाले. इथे ना सिगारचे खोके आहे, ना धातूचा शंकू. तरीही सरकत्या सुराचा अभ्यास करणाऱ्याने तो सोडू नये. रागसंगीत ऐकणाऱ्यांना कूडर कमी बोलणारे वाटतील, आणि ब्लूज ऐकणाऱ्यांना भट्ट यांच्या ताना अंमळ जास्त वाटतील. दोन्ही तक्रारी थोड्याफार खऱ्या आहेत.

चार रचना, सुमारे चाळीस मिनिटे. त्यांतली ‘गँजेस डेल्टा ब्लूज’ आधी लावावी. मोहनवीणेची मींड संपली तरी तिच्या तरफा मागे झंकारत राहतात, आणि कूडर यांची नळी सुरावर पोहोचली की थांबते, कोरडी. हा फरक एकदा कानात बसला की ‘डेथ लेटर’कडे परत जावे. तिथे नळी सुरावर पोहोचण्याआधीच हाऊस यांनी पुढची ओळ सुरू केलेली असते.