थेट लेहला उतरावे, की श्रीनगरला उतरून लेह गाठावे?

लडाखला पहिल्यांदा निघालेल्या कुटुंबापुढे हा प्रश्न तिकिटे काढण्यापूर्वीच उभा राहतो. दिल्लीहून सव्वा तासात लेहला पोहोचावे, की श्रीनगरला उतरून सुमारे ४२० किलोमीटरचा रस्ता दोन-तीन दिवसांत पार करावा? हे दोन्ही विमानतळ हवाई दलाचे असून प्रवासी विमानांना तेथे नागरी विभागापुरती सोय आहे. पुण्याच्या लोहगाव किंवा गोव्याच्या दाबोळीहून प्रवास करणाऱ्यांना सैनिकी आणि नागरी विमानांची एकच धावपट्टी नवीन नाही. मात्र लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटरवर, श्रीनगर १,६५५ मीटरवर आणि लेह ३,२५६ मीटरवर आहे. निर्णय घेताना तिकिटाच्या दराआधी हे तीन आकडे समोर ठेवावेत, असे मला वाटते.

लेहच्या विमानतळाला लडाखचे बौद्ध धर्मगुरू कुशोक बकुला रिंपोछे यांचे नाव आहे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन येथे पहिले डाकोटा विमान उतरवले. ती कच्ची धावपट्टी लडाखचे अभियंता सोनम नोर्बू यांच्या देखरेखीखाली तयार झाली होती. सिंधूच्या खोऱ्यातून येणारे विमान स्पितुक गोंपाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, टेकडीजवळून खाली येते तेव्हा दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून तपकिरी डोंगर आपल्यापेक्षा उंच दिसतात. पूर्वेकडे जमीन चढत जात असल्यामुळे विमाने बहुधा एका बाजूने उतरतात आणि त्याच बाजूला तोंड करून उडतात. दुपारी वारे जोर धरतात, हवा तापून आणखी विरळ होते आणि तेवढ्याच वजनाला उचलण्यासाठी विमानाला जास्त वेग व जास्त धाव लागते. म्हणूनच प्रवासी विमाने मुख्यतः सकाळी येतात. २०२४ च्या जुलैअखेरीस लेहमध्ये उन्हाचा पारा इतका चढला की काही उड्डाणे रद्द करावी लागली. विमान रद्द होण्याचे कारण थंडीच असेल, असे येथे गृहीत धरता येत नाही.

श्रीनगरची धावपट्टी लांब आहे, खोरे रुंद आहे आणि विमाने दिवसभर ये-जा करतात. हिवाळ्यातील धुके आणि बर्फ सोडले, तर वेळेच्या बाबतीत हा विमानतळ अधिक भरवशाचा आहे. तपासणी मात्र कडक असते. टर्मिनलच्या बरेच अलीकडे गाडीतून उतरून सर्व सामान यंत्रातून न्यावे लागते, त्यामुळे परतीचे उड्डाण येथून असेल तर तीन तास हाताशी ठेवणेच शहाणपणाचे ठरते. छायाचित्रणाला दोन्हीकडे मनाई आहे आणि ती गांभीर्याने पाळावी. शिवाय येथे सैन्याची गरज नेहमीच पहिली असते. मे २०२५ मध्ये उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी काही दिवस बंद राहिले, त्यांत श्रीनगर आणि लेह दोन्ही होते. या बाबतीत दोहोंत डावे-उजवे करता येत नाही.

खरा फरक शरीराला जाणवतो. उड्डाणात विमानातील हवेचा दाब साधारणपणे २,४०० मीटर उंचीवर असतो त्याहून कमी होऊ देत नाहीत. लेह त्याहूनही उंच असल्यामुळे विमान खाली येत असताना आतील दाब वाढण्याऐवजी आणखी कमी करावा लागतो. दार उघडते तेव्हा प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू मुंबईच्या तुलनेत जेमतेम दोन-तृतीयांश असतो. पहिल्या तासात बहुतेकांना काहीच होत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. माणूस उत्साहाने बॅगा उचलून जिना चढतो, संध्याकाळी बाजारात हिंडतो आणि डोकेदुखी, मळमळ, झोपमोड रात्री सुरू होते. पहिले ४८ तास खोलीत विश्रांती, भरपूर पाणी आणि मद्य वर्ज्य, हा नियम विमानाने येणाऱ्या प्रत्येकाने पाळावा. स्वस्थ बसल्यावरही धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. लेहचे मुख्य सरकारी रुग्णालय त्याच सोनम नोर्बूंच्या नावाने ओळखले जाते.

श्रीनगरचा रस्ता हीच चढण पायऱ्यापायऱ्यांनी देतो. पहिली रात्र श्रीनगरला, दुसरी सुमारे २,७०० मीटरवरच्या सोनमर्गला, तिसरी जवळजवळ तेवढ्याच उंचीच्या कारगिलला आणि मग लेह. वाटेत ३,५२८ मीटरची झोजिला आणि ४,१०८ मीटरची फोतुला या खिंडी लागतात, परंतु तेथे मुक्काम नसतो, केवळ ओलांडून जायचे असते. द्रासचे युद्धस्मारक आणि लामायुरूचा गोंपा या वाटेवरच आहेत. किंमत मोजावी लागते ती दिवसांची आणि पाठदुखीची. झोजिलाचा घाट आजही अरुंद आहे, दरड कोसळली की तासन्‌तास थांबावे लागते आणि हिवाळ्यात बर्फामुळे तो बंद पडतो. त्या दिवसांत लेहचे विमान हाच बाहेर पडण्याचा भरवशाचा मार्ग उरतो.

पाचच दिवसांची रजा असेल आणि सर्व जण धडधाकट असतील, तर थेट लेह निवडावे, परंतु त्यातील दोन दिवस विश्रांतीचे धरूनच. पाचांपैकी पाचही दिवस फिरण्याचे बेत आखून, दुसऱ्याच सकाळी ५,३५९ मीटरच्या खारदुंगला खिंडीकडे नेणाऱ्या सहली विकल्या जातात. त्या घेऊ नयेत. सोबत साठीपुढचे आई-वडील असतील किंवा लहान मुले असतील, तर श्रीनगरमार्गे चढावे आणि लेहहून विमानाने उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी दोन्हींपैकी कोणताही मार्ग धरण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे, आणि उंचीचा त्रास टाळण्यासाठीची ॲसिटाझोलामाइडची गोळी त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

लेहहून परतताना सकाळचे विमान रद्द झाले, तर दुसरे बहुधा दुसऱ्या सकाळीच मिळते. त्यामुळे दिल्लीहून पुण्या-मुंबईचे वेगळे तिकीट त्याच दुपारचे काढू नये. मध्ये एक रात्र दिल्लीची ठेवावी.