आर्किटेक्टच्या ऑफिसचं इन्स्टा-वेबसाइट एका गूगल शीटवर: आठ महिन्यांचा अनुभव

पुण्यात नऊ जणांचं आर्किटेक्चर ऑफिस आहे आमचं, मी ज्युनिअर. "तू कायम इन्स्टावरच असतेस ना" एवढ्या एका क्वालिफिकेशनवर ऑफिसचं इन्स्टा, वेबसाइट, गूगलवरचं प्रोफाइल सगळं माझ्या गळ्यात पडलं. आधी पैसे भरून एक शेड्यूलिंग ॲप घेतलेलं (नाव घेत नाही), तीन महिन्यांत बंद केलं, कारण पोस्ट वेळेवर टाकणं हा आमचा प्रॉब्लेमच नव्हता, टाकायलाच काही नसायचं. मग साधी गूगल शीट.

कॉलम पाचच. प्रोजेक्ट, साइटवर सध्या काय चाललंय, फोटो कोण काढणार, क्लायंटची परवानगी, सरांचं ओके. यातला दुसरा कॉलम म्हणजे सोनं. आधी आम्ही घर पूर्ण होऊन, फर्निचर लागून, फोटोग्राफर येईपर्यंत थांबायचो, म्हणजे वर्षाला जेमतेम तीन-चार प्रोजेक्ट. आता दर सोमवारी साइट इंजिनिअरला विचारते, या आठवड्यात काय? एकदा म्हणाला, काही नाही गं, गच्चीवर ब्रिकबॅट कोबा झालाय, पाणी भरून ठेवलंय. म्हटलं तेच काढ! कोबा म्हणजे गच्ची गळू नये म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर, पाइपाकडे दिलेला उतार, गळतंय का बघायला तळ्यासारखं साठवलेलं पाणी आणि शेवटी खालच्या खोलीचं कोरडं ठणठणीत सीलिंग, चाळीस सेकंदांत संपलं. आमच्या महागड्या ड्रोन शॉटपेक्षा त्याला जास्त सेव्ह आले आणि कमेंटमध्ये निम्मं पब्लिक आपापल्या गळक्या स्लॅबचं रडगाणं घेऊन हजर.

फोटोंचं म्हणाल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा, साधा पाठवला की त्यातला दम जातो. आणि फोनच्या ०.५ (वाइड) लेन्सने काढू नका म्हणून साइटवाल्यांच्या अक्षरशः पाया पडा. भिंती कलंडतात, आणि सरांना कलंडलेली भिंत दिसली की पोस्ट गेलीच.

आणखी एक, जे मार्केटिंगवाल्यांना पटकन पटत नाही. आर्किटेक्टला धंद्याची जाहिरात करता येत नाही हो. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या (आमची नोंदणी करणारी संस्था) १९८९ च्या नियमांत तर बिल्डिंगवरच्या नावाच्या पाटीचं अक्षरसुद्धा १० सेंटिमीटरपेक्षा उंच नको असं आहे! त्यामुळे 'आजच संपर्क साधा', 'दिवाळी ऑफर' असलं काही आम्ही लिहीत नाही, काम कसं चाललंय तेवढं दाखवतो. खरं सांगू, मला हे बरंच वाटतं, कॅप्शन लिहिताना खोटं बोलावं लागत नाही.

शीटचा तोटा म्हणजे ती स्वतःहून कुणाच्या मागे लागत नाही, ते मलाच करावं लागतं. सरांचं ओके मी आता चहाच्या वेळी फोन समोर धरून घेते, मेलवर आठवडा जायचा.

पण परवानगीच्या कॉलमवर अजून उपाय सापडलेला नाही. कोकणात एक चिऱ्याचं घर केलंय आम्ही. मालक आधी म्हणाले, बिनधास्त टाका. मग वहिनींचा निरोप, देवघर दाखवू नका. काढलं. मग गावाचं नाव नको. तेही काढलं. आता भावकीत जमिनीचा वाद निघालाय म्हणून सध्या काहीच नको. ती ओळ शीटमध्ये मार्चपासून पिवळी आहे, आणि फोटो असले भारी आलेत ना, पावसात भिजून लालबुंद झालेल्या भिंती, एकही कलंडलेली नाही.